डांबर सोडून पहिली हाफ मॅरेथॉन: वेळेचं गणित आणि उताराची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यावरच्या काही हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत, सर्वात चांगली वेळ २ तास १० मिनिटं. आता बारा आठवड्यांवर एक वेगळी हाफ आहे. पायवाटा, शेतांच्या कडा, झाडी आणि टेकड्या, एकूण चढाई ६४० मीटर. २:१५ चं लक्ष्य ठेवू का? ट्रेलचे (म्हणजे अशा कच्च्या वाटांसाठीचे) बूट घ्यावेच लागतील का? चढावर चाललं तर चालेल का? आणि देखावे इतके सुंदर आहेत म्हणतात, तर फोटो काढायला सवड मिळेल का?

२:१५ सोडून द्या. हे आधीच सांगते, कारण बाकीची सगळी तयारी त्या आकड्यावर बेतली तर पहिल्या मोठ्या चढावरच तुमचा हिशेब चुकेल, आणि मग उरलेली शर्यत स्वतःवर चिडण्यात जाईल.

वेळेचा अंदाज बांधायला दोन सोपे हिशेब आहेत. जुना आहे विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ सालचा: ताशी तीन मैल चाल, आणि दर २,००० फूट चढाईला एक तास जादा. म्हणजे चढाईचा एक मीटर सपाटीवरच्या साधारण आठ मीटरांइतका महाग पडतो. दुसरा हिशेब आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशन शर्यतींच्या वर्गवारीसाठी वापरते: दर १०० मीटर चढाईमागे अंतरात एक किलोमीटर मिळवायचा. तुमची २१.१ किलोमीटरची शर्यत पहिल्या हिशेबाने २६ किलोमीटरच्या थोडी वर जाते, दुसऱ्याने साडेसत्तावीस होते. तुमचा रस्त्यावरचा पेस किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद आहे. त्या पेसने हे अंतर २:४० ते २:५० मध्ये होईल.

यात जमीन कुठेच धरलेली नाही. चिखल, दगडगोटे, झाडांची मुळं, गवताखाली दडलेले खड्डे, फाटकं आणि अरुंद वाटेवर पुढच्याच्या मागे अडकून पडणं या सगळ्याची भर वेगळी. कोरड्या, रुळलेल्या मातीच्या रस्त्यावर ती थोडीच पडते, ओल्या आणि खडबडीत वाटेवर बरीच. पहिल्या वेळी तीन तास ते तीन तास वीस मिनिटं धरून चला. आणि आजच नियमावली उघडून कट-ऑफ, म्हणजे ज्या वेळेनंतर शर्यतीतून बाद करतात ती वेळ, पाहा. फक्त शेवटचाच नाही, मधल्या टप्प्यांवरचेही. लोक अडकतात ते बहुतेक मधल्याच कट-ऑफला.

६४० मीटर हा आकडाही अर्धवट माहिती देतो. तो सगळा चढ एकाच टेकडीवर असेल तर शर्यत एका प्रकारची. वीस छोट्या चढउतारांत विभागलेला असेल तर पूर्ण वेगळी. मला विचाराल तर दुसरी जास्त दमवते, कारण लय सापडेसापडेपर्यंत मोडते. मार्गाचा उंचीचा आलेख मिळवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: सर्वात मोठा चढ कोणत्या किलोमीटरला सुरू होतो, सर्वात लांब उतार कुठे संपतो, आणि त्यानंतर किती अंतर उरतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पाच-सहा किलोमीटर असेल तर या शर्यतीचा निकाल तुमच्या मांड्या लावणार आहेत, दम नाही.

आता चालण्याबद्दल. चालणं नुसतं चालतं असं नाही, ते शहाणपणाचं आहे. साधारण १५ टक्क्यांच्या वरचा चढ (१०० मीटर पुढे जाताना १५ मीटर वर) आपल्यासारख्या मधल्या फळीतल्या धावकाने पळत चढला काय आणि झपाझप चालत चढला काय, वेळेत फारसा फरक पडत नाही. नाडीत आणि पोटऱ्यांत मात्र पडतो. पण ही चाल म्हणजे फेरफटका नव्हे. पावलं आखूड, कंबरेतून थोडं पुढे झुकून, तीव्र चढावर तळवे गुडघ्यांच्या जरा वर टेकवून मांडी खाली दाबायची, नजर काही मीटर पुढे. याचा वेगळा सराव लागतो, कारण पळणाऱ्या माणसाला जोरात चालायची सवयच नसते.

कधी चालायचं हे शर्यतीत ठरवू नका, आधीच ठरवा. माझा नियम बोलण्याचा आहे: पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं आणि दोन-तीन शब्दांवर आलं की चालायला लागायचं, भले आजूबाजूचे सगळे पळत असोत. घड्याळातल्या हृदयगतीवर इथे फार विसंबू नका. छोट्या चढावर ती उशिरा वर जाते, तोवर चढ संपलेला असतो आणि उतारावर तुम्ही उगाच उंच आकडा पाहत बसता. पेस तर घड्याळाच्या पडद्यावरून काढूनच टाका. वेळ आणि एकूण चढाई एवढं दिसलं तरी पुरे.

खरा विषय उताराचा आहे, आणि त्याबद्दल प्रश्नात एक शब्दही नाही. पहिल्यांदा ट्रेलवर येणारे जवळजवळ सगळेच चढाची धास्ती घेतात आणि उताराला विश्रांती समजतात. दमाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मध्यम उतारावर शरीराला लागणारी ऊर्जा सपाटीपेक्षा कमी असते. स्नायूंचा मामला वेगळा आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच तुमचं वजन पेलत असतो, म्हणजे एकाच वेळी लांबतो आणि ब्रेकही मारतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा जास्त होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती यामुळेच; ती २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. शर्यतीत तिचं रूप वेगळं असतं: लांब उतार संपतो, वाट सपाट होते, आणि पाय उचललेच जात नाहीत. दम शिल्लक आहे, मांड्या संपल्या आहेत.

सुदैवाने शरीर हे चटकन शिकतं. उतारावरचा एक कसून सराव झाला की त्याच कामाची पुढची खेप स्नायूंना बरीच कमी दुखवते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून बारा आठवड्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दर आठ-दहा दिवसांनी एकदा उतारासाठीच बाहेर पडा. सुरुवातीला तीन-चार मिनिटांचे सौम्य उतार, मग लांब, मग तीव्र. चढ चालत चढा, घाई नाही. काम खाली येताना आहे. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी, त्यानंतर नाही.

उतरायचं कसं? टाच पुढे रोवून शरीर मागे टाकलं तर प्रत्येक पाऊल ब्रेक होतं आणि सैल मुरमावर पाय सटकतोही. पावलं आखूड आणि भरभर पडू द्या, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल कंबरेच्या खाली पडेल असं, धड उताराच्या दिशेने जरासं कललेलं. हात मोकळे, बाजूला पसरलेले; दिसायला विचित्र दिसतं, पण तोल त्यानेच राहतो. नजर पायाखाली नको, तीन-चार पावलं पुढे ठेवा, वेग वाढेल तशी आणखी पुढे. ज्या दगडावर आत्ता पाय पडतोय त्याचा निर्णय मागेच झालेला असतो.

ओली मुळं, ओलं लाकूड, शेवाळलेला खडक आणि पालापाचोळ्याखालची गुळगुळीत शिळा यांची जात वेगळी. तिथे वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, जोर लावून ढकलायचं नाही. पाऊल सपाट टाकून सरळ पुढे. लाकडी साकव दिसला की वेग आधीच कमी करा, त्यावर चढल्यावर नाही. चिखल त्यामानाने प्रामाणिक असतो, घसरणार हे लांबूनच सांगतो.

तुमच्या भागात टेकडी नसेल तर चढाची सोय ट्रेडमिलवर होते. १५ टक्के चढ आणि ताशी ५ किलोमीटर ठेवून दहा मिनिटं चाललात की १२० मीटरच्या आसपास चढाई होते. उताराची सोय मात्र बहुतेक ट्रेडमिलवर नसते. त्याला उंच इमारतीचे जिने (कठडा हाताशी ठेवून), लांब पुलाचा उतार, आणि घरी पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम. हा शेवटचा कंटाळवाणा आहे, पण त्याच्याइतका उपयोगी दुसरा व्यायाम मला माहीत नाही. दोन्ही पायांवर दहा-दहा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. जोडीला एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्याचा सराव, दात घासताना केला तरी चालेल. आधी घोटा मुरगळलेला असेल तर तो चुकवूच नका; पुन्हा मुरगळण्याचा धोका अशा तोलाच्या व्यायामाने कमी होतो.

बाकी सराव तुम्हाला येतोच. फक्त लाँग रन (आठवड्यातली सर्वात लांब धाव) किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजा: दीड तासापासून वाढवत अडीच तासांपर्यंत, शक्य तितका मातीवर, आणि त्यातले निदान दोन शर्यतीच्या पोशाखात, पाठीवर पाणी घेऊन. अडीच तासांत सोळाच किलोमीटर झाले तर होऊ द्या.

बूट. मार्ग बहुतांश मातीचा कच्चा रस्ता असेल आणि ऋतू कोरडा असेल तर तुमचे रस्त्यावरचे बूट चालतील, खर्च करू नका. ओलसर गवत, चिखल किंवा सुटे दगड असतील तर ट्रेलचे बूट हवेतच. तळव्याच्या खुंट्या किती खोल हे पाहा: कोरड्या, टणक वाटेला ३ ते ४ मिलिमीटर पुरतात, चिखलाला ५ ते ६ किंवा जास्त लागतात. खोल खुंट्यांचे बूट टणक जमिनीवर टोचतात आणि भराभर झिजतात, म्हणून मोठा आकडा म्हणजे चांगला बूट असं नाही. जलरोधक अस्तराचे बूट हाफसाठी मी सुचवत नाही. ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि मग ते अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण पळता पळता निथळतो.

मापाबद्दल हट्टी राहा. उतारावर पाऊल पुढे सरकतं, बोटं टोकाला आदळतात आणि नखं काळी पडतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि घोट्याजवळचं सर्वात वरचं जादा छिद्र वापरून टाच आवळून बांधायची. ते छिद्र शोभेचं नाही. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. नाडीला दुहेरी गाठ मारा आणि टोकं आत खोचा; झुडपात अडकून सुटलेली नाडी चिखलाच्या हातांनी बांधणं हा वेळेचा मोठा अपव्यय आहे.

खाण्याचं गणितही बदलतं. २:१० च्या हाफमध्ये एखाद्या जेलवर (पळता पळता घ्यायच्या कर्बोदकांच्या घट्ट पाकाच्या पुडीवर) निभावत असेल. तीन तासांना नाही निभावणार. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. बाजारातल्या बहुतेक जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन. पहिलं अर्ध्या-पाऊण तासातच घ्या आणि चढ सुरू व्हायच्या आधी घ्या. चढावर धाप लागलेली असताना गिळवत नाही आणि उतारावर हात मोकळे हवेत. जेल नकोसं वाटत असेल तर सरावात जे पोटाला मानवलं तेच. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी नको, एवढंच.

पाण्याचे थांबे किलोमीटरने मोजू नका. सात किलोमीटरवर पुढचा थांबा असेल आणि मधे मोठा चढ असेल तर तो सव्वा तास लांब आहे. त्यामुळे अर्धा ते एक लिटर पाणी स्वतःजवळ असू द्या, आणि घडीचा पेलाही, कारण बऱ्याच ट्रेल शर्यतींत कागदी पेले देत नाहीत. तहान लागेल तसं प्या. तहान नसताना रिचवत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि मग माणूस आणखी पाणी पितो. दुखू नये म्हणून आधीच आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याची एक पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर ताण टाकते. आणि शर्यतीनंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. स्नायूंची इजा प्रमाणाबाहेर गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

सक्तीच्या सामानाच्या यादीवर लोक कुरकुरतात. जाकीट कशाला, एकवीस किलोमीटर तर आहेत! उंची वाढते तसं तापमान दर १०० मीटरला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं, हे फार नाही. पण घामाने भिजलेलं अंग, उघड्या माथ्यावरचा वारा आणि मुरगळलेल्या घोट्यामुळे थांबलेली हालचाल हे तिन्ही एकत्र आले की शरीर झपाट्याने गार पडतं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक थंडी, वारा आणि पाऊस आला आणि २१ धावकांचा मृत्यू झाला. बरेच जण अर्ध्या चड्डीत होते. वारारोधक जाकीट सक्तीचं नव्हतं. तुमची शर्यत तितकी लांब किंवा उंच नाही. तरी मुठीत मावणारं पातळ जाकीट, चार्ज केलेला फोन, शिट्टी आणि चकचकीत आपत्कालीन पांघरूण यांचं वजन मिळून फार होत नाही. शिट्टीची खूणही लक्षात ठेवा: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. तिकडून मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या तर तुमची हाक पोहोचली.

सुरुवात बहुधा रुंद जागेतून असते आणि लगेच एक फाटक किंवा चिंचोळी वाट येते. तिथे गर्दी तुंबते, म्हणून लोक पहिला किलोमीटर जीव तोडून पळतात. तुम्ही पळू नका. तिथे गेलेली दोन मिनिटं तीन तासांत सहज भरून निघतात. पहिल्या किलोमीटरला पेटलेल्या पोटऱ्या मात्र शेवटपर्यंत विझत नाहीत.

वाट चुकण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पुढच्याच्या पाठीकडे बघत पळणं. खुणा बघा, माणूस नको. पाचेक मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. मार्गाची जीपीएक्स फाइल घड्याळात किंवा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. आणि घड्याळाने २१.१ दाखवलं की शर्यत संपली असं मानू नका. दाट झाडीत आणि नागमोडी वळणांवर जीपीएसचं माप हलतं, शिवाय ट्रेलवरची हाफ रस्त्यावरच्यासारखी मोजूनमापून २१.०९७५ किलोमीटरची क्वचितच असते. शेवटची रेषा डोळ्यांना दिसेपर्यंत थोडा जोर राखून ठेवा.

ज्या वाटांवरून जाणार त्या कुणाच्या तरी रोजच्या वापरातल्या आहेत, हेही लक्षात असू द्या. फाटक जसं होतं तसं ठेवायचं: बंद असेल तर मागे लावून घ्यायचं, उघडं असेल तर उघडंच. पिकाच्या कडेने एकामागे एक. गुरं असतील तर पळणं थांबवून चालत जा, आणि गाय व वासराच्या मधून कधीच जाऊ नका. घोडा दिसला तर लांबूनच आवाज द्या. मागून आलेला धावक त्याला बिचकवतो. एकेरी वाटेवर कुणाला ओलांडायचं असेल तर कोणत्या बाजूने येताय ते बोला आणि समोरच्याला जागा निवडू द्या. उंच गवतातून आला असाल तर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड चिकटलेली नाही ना ते तपासा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीची आग वगैरे उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

राहिले फोटो. जरूर काढा, वेळेचं ओझं उतरवल्यावर तेवढी सवड आहेच. पळता पळता मात्र नको. मोठ्या चढाच्या माथ्यावर तसंही एक मिनिट थांबायचं कारण असतं: जाकीट अंगावर चढवायचं, जेल घ्यायचं, उतारासाठी नाडी पुन्हा आवळायची. वाटेतून बाजूला व्हा, मागच्यांना जाऊ द्या, तेव्हाच हवे तेवढे फोटो घ्या. मग फोन खिशात, चेन लावलेली, आणि खाली सपाटी लागेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही.